आतली शिवण

मागच्या पावसाळ्यात मी एका मैत्रिणीशी खोटं बोललो. खोटं फार मोठं नव्हतं, वीतभर लांबीचं होतं. पण त्यामुळे ती एक अख्खी रात्र माणगावच्या लॉजवर कुडकुडत बसली. आणि तेव्हापासून 'हे मी स्वतः बनवलंय' या वाक्याचा नक्की अर्थ काय, हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

गोष्ट एका बॅगेची आहे. बाइकपॅकिंग म्हटलं की आपल्याकडे आधी बुलेट आणि लडाख आठवतं. इथे बाइक म्हणजे सायकल. मागे कॅरिअर लावून दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवण्याऐवजी सामान थेट सायकलच्या अंगालाच बांधायचं. हँडलला एक गुंडाळी, फ्रेमच्या त्रिकोणात एक चपटी बॅग आणि सीटमागे एक लांबुडकी बॅग. सायकल हलकी राहते, खराब रस्त्यावर खडखडत नाही. पण प्रत्येक फ्रेमचा त्रिकोण वेगळा असतो, त्यामुळे बॅग मापाचीच लागते. म्हणून या छंदात पहिल्यापासून घरी शिवणाऱ्यांची मोठी जमात आहे. मी बाहेरच्या बॅगांची चौकशी केली, तर तिघींचा संच माझ्या सायकलच्या निम्म्या किमतीला पडत होता. घरात आईचं पायाचं मशीन धूळ खात होतं. पुढचं तुम्ही ओळखलं असेलच.

पहिली बॅग फ्लेक्सची शिवली. चौकात वाढदिवसाचे लागतात, त्या फ्लेक्सची. पॉलिस्टरवर पीव्हीसीचा थर दिलेला असतो, त्यामुळे पाणी आत शिरायचा प्रश्नच नाही असं मला वाटलं. बॅगेच्या आतल्या बाजूला एका भावी नगरसेवकाची अर्धी मिशी आणि 'हार्दिक' एवढाच शब्द आला होता. पहिल्याच पावसात पाणी त्या मिशीपर्यंत चढलं.

*

कापड गळलं नव्हतं. शिवण गळली होती.

वॉटरप्रूफ कापड शिवण्यात ही मूळचीच अडचण आहे. पाणी आत येऊ नये म्हणून जे कापड आणलं, त्याला भोकं पाडल्याशिवाय त्याची बॅग होत नाही. टाका साडेतीन मिलिमीटरचा धरला तर एक मीटर शिवणीत साधारण २८५ भोकं पडतात. सीटमागच्या बॅगेत तीनेक मीटर शिवण असते. म्हणजे साडेआठशे भोकं झाली, आणि दुहेरी टीप मारली तर त्याच्या दुप्पट. टाके बारीक घेतले तर मजबुती वाढेल असं वाटतं, पण होतं उलटंच. भोकं इतकी जवळ येतात की कापड चेकबुकातल्या पानासारखं त्या रेषेवर फाटतं. साध्या सुती कापडावर टीप चुकली तर उसवायची, एकदा धुतलं की खुणाही जातात. या कापडावर टीप उसवता येते, पण भोकं जात नाहीत.

ही अडचण जुनी आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी न शिरणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. कापड उत्तम होतं. ते शिंप्यांकडे गेलं, त्यांनी नेहमीसारखे कोट शिवले आणि कोट शिवणीतून गळायला लागले.

आजही कापडाच्या लेबलवर आकडा असतो, १०,००० मिलिमीटर वगैरे. त्याचा अर्थ असा : कापडाचा तुकडा यंत्रात घट्ट धरून त्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात. तीन ठिकाणी थेंब दिसले की थांबतात. त्या वेळचा दाब पाण्याच्या किती उंच स्तंभाएवढा होता, तो हा आकडा. दहा हजार म्हणजे दहा मीटरचा स्तंभ. भारीच वाटतं ऐकायला. पण हा आकडा कापडाचा असतो. तुम्ही त्यावर मारलेल्या टिपेबद्दल तो काहीच सांगत नाही.

भोक टाळायचा एक मार्ग आपल्या शेतांत फार आधीपासून आहे : शिवायचंच नाही, घडी घालायची. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की डोक्यावर घ्यायची खोळ तयार. सायकलच्या बॅगेचं तोंड याच तत्त्वावर बंद होतं. चेन लावत नाहीत, तोंडाच्या तीन-चार घड्या घालून बकल लावतात. पण तोंड घडीने बंद झालं तरी बाकीची बॅग शिवावीच लागते.

ते मला शिकवलं आमच्या भागातल्या मास्तरांनी. ते रिक्षाचे हूड शिवतात. म्हणजे आयुष्यभर पावसाशीच त्यांचा धंदा. माझी फ्लेक्सची बॅग त्यांनी उलटी केली, मिशीकडे बघून हसले, आणि मग एकेक चूक दाखवली. वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर आला पाहिजे, कौलांसारखा, म्हणजे पाणी शिवणीवरून ओघळून जातं. मी नेमकं उलटं केलं होतं. सुती दोरा कुजतो, पॉलिस्टरचा घे. सुई १६ नंबरची लाव. टाचण्या लावू नकोस, प्रत्येक टाचणी म्हणजे फुकटचं भोक, कपड्यांचे चिमटे लाव. सगळं शिवून झालं की आतून प्रत्येक शिवणीवर सीलंटचा हात फिरव. आणि शेवटी बॅग पाण्याने भरून रात्रभर टांगून ठेव. "बाहेरून पाणी मारून काही कळत नाही," ते म्हणाले. "आत भर, म्हणजे कुठून येतं ते दिसेल."

मग त्यांनी विचारलं, "पण कशाला हा उपद्व्याप? माझ्याकडे टाक, संध्याकाळी घेऊन जा. तुझे चार रविवार वाचतील."

"मास्तर, मला स्वतः शिवायचीय."

"शीव की. तुला हौस आहे, मला हप्ता आहे."

ते चिडून बोलले नव्हते. त्यांच्या नव्या मशीनचा हप्ता चालू होता, एवढंच. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

*

चौथी बॅग मी मैत्रिणीसाठी शिवली. तोवर मला बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. कापडही चांगलं होतं, आतून प्लॅस्टिकचा थर दिलेलं ४२० डेनियरचं नायलॉन. ऑगस्टच्या शेवटी आम्ही निघणार होतो. पुणे, ताम्हिणी, माणगाव, मग हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याहून फेरीने खाडी ओलांडून वेसवीला.

आदल्या रात्री साडेअकराला मी आतून सीलंट लावत होतो. तळाच्या डाव्या कोपऱ्याशी आलो आणि ट्यूब संपली. वीतभर शिवण कोरडी राहिली. पहाटे पाचला निघायचं होतं. ती शिवण बॅगेच्या आत, तळाला, कुणाच्या नजरेला कधीही न पडणारी. पाणी भरून टांगायलाही वेळ उरला नव्हता. मी स्वतःला म्हटलं, एवढ्याने काय होतंय. बॅग सुलट केली. बाहेरून देखणी दिसत होती.

सकाळी तिने सामान भरताना विचारलं, "पूर्ण वॉटरप्रूफ आहे ना रे?"

"पूर्ण," मी म्हणालो.

ताम्हिणीत पाऊस वरून पडतो, हे सगळ्यांना माहीत असतं. सायकलवाल्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते : मडगार्ड नसेल तर पाऊस खालूनही येतो. मागचं चाक रस्त्यावरचं पाणी उचलून सीटमागच्या बॅगेच्या बुडावर मारत राहतं, सलग, तासन्‌तास. माझी वीतभर शिवण नेमकी तिथे होती.

रात्री माणगावच्या लॉजवर तिने बॅग उघडली. स्वेटर, कोरडे म्हणून ठेवलेले कपडे, पांघरूण, सगळं चिंब होतं. लॉजवर एक पातळ चादर मिळाली. मी माझं जॅकेट तिला दिलं. तिने माझे आभार मानले. ती पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, दात वाजत होते. वर मलाच समजावत होती, "जाऊ दे रे. एवढ्या कष्टाने शिवलीस तू. पाऊसच तसा होता. त्याला कोण काय करणार?"

मी गप्प बसलो.

*

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि मला नेमकं काय टोचतंय, तेही आधी कळत नव्हतं. शिवण राहिली, हे तर होतंच. पण त्याहून जास्त टोचत होती ती तिची माफी. तिने पावसाला माफ केलं होतं, आणि ती माफी मी माझ्या नावावर घेतली होती.

ती मिळाली कशामुळे, तर बॅग 'मी स्वतः बनवलेली' होती म्हणून. हाताने केलेल्या वस्तूला आपण सहसा नावं ठेवत नाही. दुकानातल्या बॅगेने दगा दिला असता तर तिने तिथल्या तिथे फोटो काढून तक्रार टाकली असती. माझ्या बॅगेला मात्र कष्टांची सवलत मिळाली. म्हणजे ज्या वाक्याने माझी जबाबदारी वाढायला हवी होती, त्याच वाक्याच्या आडोशाला मी बसलो होतो.

आणि मुळात ते वाक्य खरं तरी होतं का? मी स्वतः काय बनवलं होतं? कापड विणलं दुसऱ्याने, त्यावर थर दिला तिसऱ्याने. बकल साच्यातून आलेलं. मशीन आईचं. कसब मास्तरांचं, तेही फुकट घेतलेलं.

शिवणयंत्राबद्दलची एक जुनी चर्चा इथे आठवते. १९२४ साली दिल्लीत शांतिनिकेतनच्या रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याने गांधीजींना यंत्रांबद्दल छेडलं होतं. महादेव देसाईंनी तो संवाद नोंदवून ठेवला आहे. गांधीजींनी यंत्रांच्या विरोधातून एक अपवाद केला, तो सिंगरच्या शिवणयंत्राचा. बायकोला हाताने शिवत बसावं लागतं हे सिंगरला बघवेना, प्रेमापोटी त्याने यंत्र केलं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्या विद्यार्थ्याने बरोबर नस पकडली : पण मग ही यंत्रं बनवायला कारखाना लागेल, आणि त्यात मोठी यंत्रं लागतील. गांधीजींनी ते मान्य केलं. फक्त असे कारखाने सरकारच्या मालकीचे किंवा ताब्यातले असावेत, असं ते म्हणाले.

गंमत म्हणजे खरा आयझॅक सिंगर त्या गोष्टीतल्यासारखा नवरा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये तो एकाच वेळी अनेक संसार चालवत होता. आणि त्याचं यंत्रही सगळं त्याचं नव्हतं. टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा, या जुळणीचं पेटंट एलायस हाउने १८४६ मध्येच घेतलेलं होतं, आणि कोर्टकचेरीनंतर सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. म्हणजे 'स्वतः शिवलं' म्हणायला आपण ज्या यंत्रावर बसतो, तेच 'स्वतः बनवलं' या दाव्यावरून भांडण होऊन बाहेर पडलेलं आहे.

तेव्हा स्वावलंबन म्हणून बघितलं तर ते वाक्य टिकत नाही. उलट, शिवायला बसल्यावरच कळतं की आपण किती जणांच्या जिवावर बसलोय. विकत घेताना फक्त किंमत दिसते. शिवताना सुई, दोरा, थर, बकल, मास्तर, सगळे एकेक करून समोर येतात.

मग ते वाक्य सोडूनच द्यायचं का? मला तसं वाटत नाही. त्याचा एक अर्थ शिल्लक राहतो. या सगळ्या साखळीत ती वीतभर शिवण कोरडी आहे हे एकाच माणसाला माहीत होतं. कापडवाल्याला नाही, मास्तरांना नाही, आईला नाही. 'मी बनवली' याचा अर्थ मला आता इतकाच वाटतो : ही गळली तर बोट दाखवायला माझ्यापुढे दुसरं कुणी नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी फेरीवर मी तिला सांगितलं. सायकली कठड्याला टेकवलेल्या, तिचा स्वेटर हँडलवर वाळत घातलेला. मी म्हटलं, पाऊस नव्हता. शिवण होती. मला माहीत होतं.

ती बराच वेळ खाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दुकानातली असती तर मी पैसे परत मागितले असते. तुझ्याकडे काय मागू?"

या प्रश्नाला कायद्यातही उत्तर नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी उत्पादकावर टाकता येते. पण ग्राहक व्हायला मोबदला द्यावा लागतो. मैत्रीत फुकट दिलेल्या बॅगेला ना पावती, ना वॉरंटी, ना मंच. बाजाराने इतक्या वर्षांत फसवणुकीवर जे काही इलाज तयार केले, त्यातला एकही भेटवस्तूला लागू होत नाही. आपण म्हणतो, मैत्रीत कसले आलेत कागद. बरोबर आहे. पण कागद नाही म्हणजे त्या जागी फक्त देणाऱ्याचा शब्द आहे. आणि मी तर शब्दच खोटा दिला होता.

वेसवीच्या धक्क्याला फेरी लागत आली तेव्हा ती पुन्हा बोलली. "तू नुसतं सांगायचं होतंस. मी स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला असता."

त्याहून जास्त ती काही बोलली नाही. पण मला वाटतं, सगळं त्यात आलं. खरं सांगायची किंमत एक प्लॅस्टिकची पिशवी होती. माझी बॅग परिपूर्ण असण्याची तिला गरजच नव्हती. अपुरी आहे एवढं माहीत असतं तर उरलेली काळजी तिने घेतली असती. मी लपवलं आणि तिच्या हातातला तो उपाय काढून घेतला. चूक आणि लपवणं यांतला फरक मला तिथे कळला. चूक वस्तूत राहते. लपवणं समोरच्याला असहाय करतं. नवशिक्याला चुका करायचा पूर्ण हक्क आहे, नाहीतर कुणी काही शिकणारच नाही. पण चुकीची बातमी द्यायचं टाळणं हा त्या हक्काचा भाग नाही.

*

यावरून सगळ्यांनी आपापलं शिवावं असा निष्कर्ष मी काढत नाही. मास्तर तर पैशांसाठीच शिवतात, आणि त्यांच्या शिवणीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवता येतो. का, तर हूड गळला की रिक्षावाला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर, त्यांच्याच दारात येऊन उभा राहतो. हौस आणि हप्ता यांतला फरक मोठा आहे. मला बॅग बिघडवणं परवडतं, त्यांना हूड बिघडवणं परवडत नाही. पण उत्तर द्यायला तिथेच असणं दोघांनाही लागू आहे. हे सर्वात अवघड आहे मोठ्या कारखान्यातल्या शिवणाऱ्याला. तिने सातव्या नंबरची शिवण जीव ओतून मारली, तरी भिजणारा माणूस तिला कधी दिसत नाही. आणि तिने काही सांगायचं ठरवलं, तरी सांगणार कुणाला?

इनुइट बायका सीलच्या कातड्याचे बूट शिवायच्या, अजूनही काही जणी शिवतात. त्यांचा एक टाका असा आहे की सुई कातड्याच्या जाडीतच शिरते, दोन्ही कातडी आरपार भेदत नाही. त्यामुळे बाहेरून आतपर्यंत जाणारं सलग भोकच तयार होत नाही. दोरा जनावराच्या कंडरेतल्या तंतूंचा असतो, तो भिजला की फुगतो आणि उरलीसुरली फट भरतो. शिवणारी घरी असायची आणि घालणारा बर्फावर. त्या थंडीत ओला पाय म्हणजे नुसतं कुडकुडणं नसे, पाय किंवा जीव जाऊ शकत असे. त्या बायकांनी प्रत्येक वेळी पाणी भरून तपासलं असेल की नाही, मला सांगता येणार नाही. पण आतली शिवण कुणाला दिसणार, हा विचार त्यांना परवडणारा नव्हता, एवढं नक्की.

परत आल्यावर मी ती बॅग उलटी केली. डाव्या कोपऱ्याला सीलंटचे दोन हात दिले, दोन दिवस वाळू दिली, आणि पाण्याने भरून बाथरूमच्या नळाला टांगली. सकाळी बघितलं तर खाली दोन थेंब होते. उसवून पुन्हा शिवायचं म्हणजे आणखी भोकं. मी पुन्हा एक हात दिला. तरी सकाळी एक थेंब होताच.

मग आतल्या बाजूला, घडीखाली येईल अशा जागी, मार्करने लिहिलं : 'तळ, डावा कोपरा. रात्रभरात एक थेंब.' खाली तारीख टाकली आणि सही केली. बॅग तिला नेऊन दिली.

तिने वाचलं, हसली नाही. स्वयंपाकघरातून दुधाची एक धुतलेली पिशवी आणली, स्वेटर त्यात कोंबला आणि बॅगेत तळाशी ठेवला. डाव्या कोपऱ्यात.